आडनाव पोतदार, मुक्काम पुणे

पोतदार ब्राह्मणांत आहेत, सोनारांत आहेत, मराठवाड्यात आहेत, पार कर्नाटकातही आहेत. त्यामुळे पोतदार म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, ‘कुठले?’ आणि तिथेच आमची गाडी अडायची. माझं माहेर पोतदारांचं, मूळ गाव सासवडच्या बाजूला, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. आजोबा नारायण पेठेत भाड्याने राहत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाणी पेठांत घुसलं आणि कागदांची ट्रंक गेली ती गेलीच. त्या ट्रंकेत सनदा होत्या, असं काकांचं म्हणणं. नुसत्या जुन्या पत्रिका आणि वाण्याच्या याद्या होत्या, असं आत्याचं. हा वाद काका गेले तरी मिटलेला नाही.

बँकेत कॅशियर म्हणून आयुष्य नोटा मोजण्यात गेलं. निवृत्त झाले आणि ठरवलं, घरातले कागद गेले तर गेले, सरकारदरबारी आणि पंडितांकडे काय शिल्लक आहे ते तरी बघू. दसरा उरकला होता, दिवाळीला अवकाश होता. नाशिकहून निघाले.

रविवार : कोथरूड

नाशिक-पुणे रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. आत्याकडे पोचले तेव्हा परतीच्या पावसाची एक सर नुकतीच कोसळून गेली होती आणि सोसायटीतली लाइट गेली होती. आत्या चौऱ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येतं, पण आपण हळू बोललेलं तेवढं नेमकं येतं.

“दफ्तरात जाणार म्हणे?”

“हो गं आत्या.”

“कुणाची जमीन काढायचीय?”

जुने कागद धुंडाळणारं माणूस शेवटी जमिनीच्याच मागे असतं, हे तिचं ठाम मत. पुढच्या दिवसांत वाचनकक्षांत जे लोक भेटले ते बघता ती फारशी चुकत नव्हती.

मेणबत्तीच्या उजेडात पिठलं-भात खाता खाता तिच्याकडून जमेल ते वहीत उतरवून घेतलं. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, देवी तुळजापूरची. पणजोबांची एक बहीण भोरला दिलेली. आणि एक भलतीच गोष्ट: लहानपणी ती अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या आजोबांबरोबर, त्र्यंबकेश्वरला गेली होती. उपाध्यायांनी वह्या काढल्या, पण पोतदार काही सापडेनात. मग अण्णा त्यांना हळूच काहीतरी म्हणाले आणि लगेच पान निघालं.

“काय म्हणाले?”

“मला काय माहीत? मी बाहेर चिंचा खात होते.”

असल्या शोधाला निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे एक संध्याकाळ काढाच. आडनाव, गोत्र हे प्रश्न तर विचाराच, पण मुली कुठल्या गावी दिल्या, सुना कुठून आणल्या, सुतक कुणाकुणाचं धरत होते, हेही विचारा. सुतकाच्या यादीत कधी कधी वेगळ्या आडनावाचे भाऊबंद निघतात. मी हे विचारलं नाही आणि आत्यानेही आपण होऊन सांगितलं नाही.

सोमवार : सदाशिव पेठ

भारत इतिहास संशोधक मंडळ भरत नाट्य मंदिराला लागूनच आहे. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० ला ते स्थापन केलं. मोडी कागदांची संख्या लाखांत, पण पहिल्याच दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नका. आधी छापील साधनं संपवावीत.

मी अर्जावर ‘विषय : पोतदार घराणे’ असं लिहिलं आणि टेबलापलीकडच्या गृहस्थांनी चष्मा वर केला. “दत्तो वामनांचे तुम्ही कोण?”

हा प्रश्न पुण्यात माझ्या मागे हात धुऊन लागला. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार या मंडळाचे आधारस्तंभ, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांचा जन्म महाडजवळच्या बिरवाडीचा, म्हणजे कोकणातला. आमचं गाव घाटावरचं. “कुणी नाही,” म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा पडायचा. रिक्षावाल्यापर्यंत गोष्ट गेली नाही हे नशीब.

गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. त्यांच्या सूच्या, मग गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून काढलेले उतारे, मग राजवाड्यांची साधनं, असं एकेक बोट फिरवत गेले. सूचीत पोतदार दिसला की पान उघडायचं आणि तिथे निघायचा एखाद्या ठाण्यातला हुद्देदार. आज या नावाचा, उद्या त्या नावाचा. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही पोतदार म्हणजे नाणं पारखणारा अधिकारी, आणि तो गावात बहुधा सोनारकाम करणारा. दुपारपर्यंत मला कळून चुकलं की या कागदांत मी आडनाव शोधत होते आणि सापडत होती ती नोकरी. एका पोतदाराचा पुढच्या पोतदाराशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही, एवढंच काय, दोघे एका जातीचे असतीलच असंही नाही.

त्या नोकरीची गरज मात्र मला बँकेतल्या अनुभवाने लगेच पटली. पेशवाईत रुपया एकच नव्हता. अंकुशी, चांदवडी, हाली शिक्का, जितक्या टांकसाळी तितके रुपये, प्रत्येकाची चांदी वेगळी आणि झीज वेगळी. सारा भरायला आलेल्या कुळाने पुढे केलेला रुपया कोणता, त्यावर बट्टा किती, हे ठरवल्याशिवाय हिशेब पुढे सरकायचा नाही. ते ठरवायचा पोतदार. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकाच वजनाचा, १८० ग्रेनचा रुपया सगळीकडे लागू केला आणि हळूहळू पारखायला काही उरलं नाही. काम गेलं, वतन मात्र राहिलं, आणि वतनाबरोबर नाव.

जेवायला जवळच्या खाणावळीत गेले. अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, पातळ पोळ्या. शेजारच्या ताटावरचे आजोबा पीएच.डी. करत होते. विषय विचारायची चूक करू नका, ताक गरम होतं.

मंगळवार : विधी महाविद्यालय रस्ता ते येरवडा

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आडनाव शोधायला का जायचं, असं भावाने फोनवर विचारलं होतं. कारण पोथीच्या शेवटी लिहिणाऱ्याचा पत्ता असतो. नक्कल पुरी झाली की लेखक शक, संवत्सर, तिथी, गाव लिहितो आणि स्वतःची ओळख देतो, ‘अमुकोपनामक तमुकभट्टात्मज अमुकेन लिखितम्’. उपनामक म्हणजे आडनाव. बापाचं नाव, आडनाव, तारीख आणि गाव एका ओळीत मिळतं, असं दुसरं साधन मला तरी दिसलं नाही.

संस्था ६ जुलै १९१७ ची. मुंबई सरकारने १८६६ पासून जमवलेला पोथ्यांचा मोठा संग्रह १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातून इथे आला. आज सगळ्या मिळून अठ्ठावीस हजारांच्या आसपास पोथ्या आहेत. त्यांच्या वर्णनात्मक सूच्या छापलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक पोथी सोडून बसावं लागत नाही. परशुराम कृष्ण गोडे इथे अभिरक्षक होते. पोथीच्या शेवटच्या असल्याच ओळींतून, म्हणजे पुष्पिकांतून, आणि बारीकसारीक उल्लेखांतून त्यांनी तंबाखूपासून कंदिलापर्यंत कशाकशाचे इतिहास लिहिले. ते वाचायला बसले आणि तासभर पोतदार विसरले.

सूच्यांत आमचं कुणी नाही. ग्रंथालयातल्या बाई दुसऱ्याच कामात होत्या, पण त्यांना राहवलं नाही. “ताई, भट-जोशी हवे तेवढे मिळतील. पोतदार हिशेबातला माणूस. तो बसून पोथी कशाला उतरवील?”

वाक्य लागलं, पण पटलं. आमच्या घरात पाठांतर कुणाला येत नाही, पाढे सगळ्यांना येतात.

दुपारी नळस्टॉपला मेट्रोत बसले आणि थेट येरवड्याला उतरले. एकच गाडी, बदलायची भानगड नाही. डेक्कन कॉलेजचं आवार म्हणजे जुनी दगडी इमारत आणि तिच्याभोवती झाडंच झाडं. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी उभारलेलं ऐतिहासिक संग्रहालय १९३९ मध्ये इथे आलं, नाना फडणिसांचं मेणवली दफ्तरही त्यातलंच. पण मेणवलीच्या कागदांत एका खेड्यातला पोतदार कशाला येईल? मी तिथे खरं म्हणजे बघे म्हणून गेले होते. चारला आभाळ भरून आलं आणि अर्धा तास व्हरांड्यात अडकले. एका विद्यार्थ्याने त्याच्या डब्यातली शंकरपाळी दिली. दिवाळीच्या आधीच आईने पाठवलेली, थोडी जास्त भाजलेली, आणि म्हणूनच छान.

बुधवार : पेशवे दफ्तर

पुणे पुराभिलेखागार कौन्सिल हॉलच्या जवळ आहे. इमारत १८९१ ची, जाड दगडी भिंती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत सुखद गारवा. जुनी माणसं अजून ‘एलिएनेशन ऑफिस’ म्हणतात, म्हणजे इनाम जमिनींची कचेरी. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतलं ते मुख्यतः इनामं आणि वतनं कुणाची खरी, कुणाची खोटी हे ठरवायला. आज आपण ज्याला इतिहासाचा खजिना म्हणतो तो सांभाळला गेला साऱ्याच्या हिशेबासाठी. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. जमिनीचं तिचं म्हणणं सरकारही मान्य करत होतं.

रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुमारे एकोणचाळीस हजार आणि कागद चार कोटींच्या घरात. भागाकार केला तर एका रुमालात हजारभर कागद येतात. आडनावांची सूची वगैरे काही नाही. कागद लावलेत ते दफ्तराच्या पद्धतीने: रोजकीर्दी वेगळ्या, घडण्या वेगळ्या, प्रांत अजमास वेगळे, इनाम कमिशनचे वेगळे. तेव्हा ‘पोतदार द्या’ म्हणून चालत नाही. गाव, तर्फ, प्रांत आणि साधारण साल सांगायचं. आमचं सांगितलं: तर्फ कऱ्हेपठार, प्रांत पुणे.

मोडी मला जेमतेम लागते. नाशिकला वर्ग केला होता, त्यात मुळाक्षरं आणि छापल्यासारखी सुबक पत्रं. इथे आलेला कागद बघून पोटात गोळा आला. सुदैवाने एक मोडीवाचक सर मानधनावर काम करतात, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून मोडी येणाऱ्याला जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी येतात. त्यामुळे सर मिळणं हेच मोठं काम होतं. ते आधी फोनवर ठरवून ठेवलं होतं, तुम्हीही तसंच करा.

शिपायाने रुमाल आणून ठेवला. विटकं, जाडंभरडं कापड, चार टोकांची आडवी-उभी गाठ. सरांनी गाठ सोडायच्या आधी तिचा मोबाइलवर फोटो काढला. “परत अशीच बांधायची. नाहीतर पुढचा आपल्याला शिव्या घालतो.” आत हातकागदाचे लांबट बंद, मधोमध घडी घालून एकावर एक. कागद अजून मऊ, शाई अजून काळी. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतल्यात आणि मग अक्षरं त्या रेघांखाली एकाला एक जोडत नेलीत, शब्द कुठे संपला ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही. मौजेचं ‘मौ।’, तर्फेचं ‘ता।’, राजश्रीचं ‘रा।’. एका पानावर मला ‘पोत’ दिसलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. सरांनी बोट ठेवून वाचलं, “पोता. पोता दाखल. म्हणजे खजिन्यात जमा. माणूस नाही ताई, पैसा आहे.”

तारखा त्याहून अवघड. ‘सन सबा सबैन मया व अलफ’ हे सरांनी वाचलं आणि लगेच म्हणाले, “सतराशे शहात्तर.” कसं? सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७७. त्यात ५९९ मिळवायचे, आले १७७६. हे शुहूर सन, म्हणजे अरबी आकडे-शब्दांत लिहायची जुनी कालगणना, मृगाला सुरू होतं, म्हणून जूनच्या आधीचा कागद असेल तर ६००. गणिताच्या मास्तरांना याचा आनंद वेगळाच. दुपारनंतर मी शुहूर सन सांगायचे आणि ते हिशेब होईपर्यंत डोळे मिटून बसायचे. एकदा मी त्यांच्या आधी उत्तर दिलं, तेव्हा म्हणाले, “बँकेत होतात ना? मग त्यात काय मोठं.”

संध्याकाळपर्यंत गावाचं नाव भरपूर वेळा आलं. पाटील आला, कुलकर्णी आला, चौगुला आला. पोतदाराला गावखर्चातली रक्कम दिल्याचंही आलं, पण त्याचं नाव नाही, बापाचं नाव नाही, नुसता ‘पोतदार’. हात काळे, डोळे चुरचुरताहेत. स्टेशनसमोर उभं राहून दोन कटिंग प्यायले.

तिथे जाणाऱ्यांसाठी: ओळखपत्र आणि त्याच्या प्रती न्या, शोधाचा विषय आणि हेतू लिहिलेला अर्ज तयार ठेवा. टिपणं पेन्सिलीने घ्या, मऊ रुमाल नाकाला बांधा, लांब बाह्यांचं घाला. शनिवार-रविवार सरकारी सुट्टी, दिवाळीची सुट्टी वेगळी. आणि एका दिवसात एकाहून जास्त रुमाल नीट बघून होईल अशी आशा धरू नका.

गुरुवार : सासवडची वाट

आत्येभावाने सुट्टी काढली. हडपसरच्या गर्दीतून निघून दिवे घाट चढलो. घाटात खाली मस्तानी तलाव भरलेला, वर गार वारा, ढग अगदी हाताशी. सासवडला बाजारात सीताफळांच्या पाट्याच पाट्या. ऑक्टोबरात पुरंदर तालुक्यात येऊन सीताफळ न खाता परतणं हा गुन्हा आहे. अंजिराचा मुख्य हंगाम उन्हाळ्याकडचा. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, हे विक्रेत्याने मला तीनदा सांगितलं आणि मग सीताफळंच विकली.

संगमेश्वराच्या देवळापाशी दहा मिनिटं टेकलो. कऱ्हेला पाणी होतं. तिथून गाव आत, रस्ता बरा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आता तिथे आमचं कुणी नाही आणि उगाच कुणाला वाटायचं की पोतदार जमीन मागायला आले. ही भीती खरीच असते. पारावर विचारपूस सुरू करताच दोन मोटारसायकली थांबल्या आणि आत्येभावाला बाजूला घेऊन नीट चौकशी झाली. मी माहेरवाशीण म्हणून आलेय, जमिनीचं काही नाही, असं म्हटल्यावर चहा आला.

भैरवनाथाच्या देवळात गुरवांच्या घरातले एक बाबा भेटले, नव्वदीच्या पुढचे. पोतदार म्हटल्यावर त्यांनी हाताने ओढ्याकडे दाखवलं. “त्यो पोतदाराचा मळा. आता दुसऱ्यांचा हाय, पर मळा पोतदाराचाच.” गावात पोतदार आडनावाचं एक घर उरलेलं नाही, सातबाऱ्यावर नाही, मतदार यादीत नाही, पण ओढ्याकाठच्या त्या तुकड्याला अजून सगळे पोतदाराचा मळा म्हणतात. त्यात या साली मटार होता.

“तुमी कंच्या पोतदारांतल्या?”

“इथल्याच बाबा. मूळच्या.”

ते हसले. दात नव्हते, पण हसणं मोठं छान. “इथलं मूळचं न्हाईत तुमचं. ते सुप्याकडनं आल्यालं. माझा आजा सांगायचा, सुप्याचं पोतदार म्हनून.”

सुपे आता बारामती तालुक्यात. शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपे म्हणून शाळेत शिकलेलं ते. आमच्या घरात हे नाव मी उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं.

बाबांच्या सुनेने आग्रहाने जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, मेथीची मुगाची डाळ घातलेली भाजी. नको नको म्हणत मी दुसरी भाकरी संपवली. निघताना ओटी भरली, नारळ आणि तांदूळ. “माहेराहून मोकळं जाऊ नाय.” माझ्या आईवडिलांनीही कधी न पाहिलेलं हे गाव, आणि मी तिथून ओटी घेऊन निघाले.

जमिनीच्या कागदांबद्दल एक सांगते. जुने फेरफार, कडई पत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांच्यातलं बरंच सरकारने स्कॅन केलंय आणि ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचं घरबसल्या बघता येतं, तिथे आधी शोधा. प्रत्यक्ष नकला मागायला गेलात तर लग्न झालेल्या बायकांनी आणखी एक तयारी करून जावी. एका कार्यालयात, कुठलं ते सोडा, माझं आधार कार्ड बघून टेबलावरचा म्हणाला, “तुमचं आडनाव तर दुसरंच. तुमचा संबंध काय?” शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला, ही सगळी साखळी दाखवावी लागते. पोतदारांचा शोध घेणारी मी कागदोपत्री पोतदार नाहीच. माझ्याबरोबर आलेल्या आत्येभावाचं आडनावही वेगळं. आमच्यापैकी एकही जण त्या खिडकीत चालणारा नव्हता.

शुक्रवार : पुन्हा दफ्तर

सकाळी सरांना ‘सुपे’ सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “मग इनाम कमिशन बघू. तिथे माणसाला आपली कहाणी सांगावीच लागायची.”

१८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या इनामदार-वतनदारांना पुरावे घेऊन उभं राहावं लागलं. इनाम कुणी दिलं, कशाबद्दल दिलं, तेव्हापासून आजवर कुणाकडून कुणाकडे आलं, याची कैफियत द्यायची आणि सोबत वंशावळ. दख्खनभर किती घरं त्या कमिशनने धास्तावली असतील कोण जाणे. पण आमच्यासारख्यांना पणजोबांच्या पलीकडे जायचं असेल तर हाच जिना.

गावाच्या नावाने जे मिळालं त्यात दुपारी तीनच्या सुमारास ती कैफियत निघाली. पत्रकावरचा शेरा आधी वाचला, ‘पोतदारी वतन’. मग सरांनी सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं: उपनाम सुपेकर.

“तुमचं आडनाव सुपेकर आहे ताई. पोतदारी ही तुमची नोकरी.”

मला हसू आलं आणि सरांना ते आवडलं नसावं. भांडारकरात पोतदारोपनामक शोधला, मंडळात पोतदार शोधला, आणि ज्या कागदात माणसं होती तिथे ती सुपेकर म्हणून बसली होती. पुढे सुपेकर गळून पोतदार कधी राहिलं ते या कागदावरून कळत नाही. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी लिहिलं असेल, नाहीतर गावातले लोक म्हणायचे तेच चिकटलं असेल.

कैफियत देणारी व्यक्ती बाई होती. तिचं नाव, पुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, मग मयत नवऱ्याचं नाव. नवरा गेलेला, मांडीवर दत्तक घेतलेला अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मुलगा, आणि वतन कायम राहावं म्हणून ती सरकारला सांगते आहे की आम्ही इतक्या पिढ्या हे काम करत आलो. सोबतच्या वंशावळीत सगळे पुरुष. वर एक, खाली तीन, त्याखाली फाटे. बायको नाही, मुलगी नाही, तिचं स्वतःचंही नाव त्या झाडात कुठे नाही. मात्र खाली, मजकूर संपतो तिथे, सहीच्या जागी एक लहानसं वर्तुळ काढलेलं आणि बाजूला लिहिलेलं, ‘निशाणी बांगडी’. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. लिहिणाऱ्याने तिच्यासाठी काढली असेल किंवा तिनेच बोरू हातात घेतला असेल. वर्तुळ नीट मिटलेलं नाही, टोकं एकमेकांना चुकवून पुढे गेलीत, आणि शाई एका जागी साचून तिथला कागद काळपट झालाय.

म्हणजे आम्ही ज्याच्यापासून आलो तो दत्तक मुलगा. सुपेकरांचं रक्त आमच्यात किती, हा प्रश्न भावाने लगेच व्हॉट्सअपवर टाकला. घराण्याचं जे काही आहे ते त्या बाईने भांडून राखलेलं आहे, रक्ताचं बघणारे तू कोण, असं मी कळवलं. दोन तास ग्रुप शांत होता, ही आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट.

रात्री आत्याला कानाशी जाऊन ‘सुपेकर’ म्हटलं. ती वाटाणे सोलत होती.

“हां. तेच.”

“काय तेच?”

“अण्णा उपाध्यायांना म्हणाले ते. सुपेकर.”

“अगं, रविवारी तर म्हणालीस की ऐकलं नाही!”

“तू विचारलंस तेव्हा आठवलं नाही. आता तू म्हणालीस म्हणून आठवलं.” आणि मग, वाटाणे सोलता सोलताच, सुप्याच्या एका घराचं सुतक आजी तीन दिवस धरायची हेही सांगितलं.

शनिवार : लक्ष्मी रस्ता आणि परत

दफ्तराला सुट्टी. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची खरेदी इतकी उसळली होती की चालायला जागा नव्हती. नातवंडांसाठी किल्ल्यावरचे मावळे घेतले, बाकरवडी घेतली, आत्याला तिच्या मापाचा गाऊन घेतला. रंग आवडला नाही म्हणून तो तिने तिथल्या तिथे परत करायला लावला.

खर्चाचं विचारतात म्हणून लिहिते. राहणं नातेवाइकांकडे असेल तर खर्च फार नाही. पैसे जातात ते मोडी लिप्यंतराला, आणि तिथे घासाघीस करू नये. दर पानावर असतो, त्यामुळे आधी सरांसारख्या माणसाबरोबर बसून नेमकी कुठली पानं हवीत ते ठरवा, सगळा गठ्ठा उतरवून घेऊ नका. लिप्यंतर हातात आलं की मूळ पानाच्या प्रतीशी ताडून बघा. नाव आणि तारीख या दोन गोष्टी तरी दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या. ज्यांच्या घराण्याचा वतनाशी संबंध आहे त्यांनी आधी इनाम कमिशनचेच कागद मागावेत. मी उलटीकडून गेले, पण त्यामुळे भांडारकर आणि शंकरपाळी पदरात पडली, तेव्हा तक्रार नाही.

परगणे सुप्याच्या रुमालांचा अर्ज सरांनी माझ्याकडून शुक्रवारीच लिहून घेतलाय. त्र्यंबकेश्वर मला तासाभरावर, तिथे कार्तिकात जाऊन येईन, आता कुठलं आडनाव सांगायचं ते ठाऊक आहे. भावाने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलंय, पण एका अटीवर. पत्रिका, पाटी, बँकेचं खातं, कशावरही सुपेकर येता कामा नये. त्याच्या मुलाचा पासपोर्ट पोतदार नावाने नुकताच निघालाय.